वाचून न दाखवलेलं अर्धं पान

दादा,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. तुला जाऊन वर्ष होत आलं, तरी तो शब्द लिहायचं अजून जिवावर येतं. बघू, पत्र संपेपर्यंत सुचला तर वर घालीन.

आत्ताच का लिहितेय, तर परवा वहिनीचा फोन आला. तुझ्या वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी तुझी हास्यकट्ट्यावरची मंडळी हॉल घेऊन कार्यक्रम करणार आहेत. कार्यक्रमात काय? 'पिंकीची डायरी'! दुसरं काय असणार? जन्मभरात तू एकच चीज केलीस, आणि तीही माझी. यंदा पिंकी होणार आहे तुझी लेक, ईरा. मी पहिल्या रांगेत बसायचं, आणि आधी तुझ्याबद्दल दोन शब्द लिहून द्यायचे. "शुभाताई, तुमच्यापेक्षा चांगलं कोण लिहिणार? तुम्ही लहानपणापासून लिहिता," वहिनी म्हणाली. खरं आहे. लहानपणापासून लिहीत होते आणि लहानपणीच थांबले, हे तू तिला सांगितलेलं दिसत नाही.

तर हे घे दोन शब्द. हॉलमधल्या लोकांना ते ऐकायला मिळणार नाहीत, एवढंच.

जयपूरचं आपलं घर आठवतं? आदर्श नगरमधलं, वरच्या मजल्यावरचं? अण्णांची बँकेतून बदली झाली आणि सांगली सोडून आपण तिथे आलो, तेव्हा अण्णांना दोनच काळज्या होत्या. एक, तिथला उन्हाळा. दुसरी, पोरांचं मराठी. आपण दोघं दिवसभर शाळेत हिंदी बोलायचो आणि घरी येऊन 'आई, मला भूख लागलीय' म्हणायचो. अण्णांचा चेहरा असा व्हायचा, की कुणी तांदळात खडे मिसळलेत.

जानेवारीत बँकेतून नव्या वर्षाच्या डायऱ्या आल्या. मोठी तुला, लहान मला. तेव्हाही मोठी तुलाच, नाही का? "रोज मराठीत लिहायचं. काहीही लिहा, पण मराठीत," अण्णा म्हणाले. तू तुझ्या डायरीत पंधरा दिवस क्रिकेटचे स्कोअर लिहिलेस आणि मग तिच्यावर चहाचा कप ठेवायला लागलास. मी मात्र लिहीत राहिले. आधी अण्णांच्या धाकाने, मग सवयीने, आणि मग ते मला आवडायलाच लागलं. शाळेत मी 'वो मराठी लड़की' होते आणि सुटीत सांगलीला गेलं की चुलत भावंडं मला 'हिंदीवाली' म्हणायची. डायरीत मला कुणी काही म्हणत नव्हतं.

अण्णांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. एवढा कडक माणूस, पण माझी डायरी त्यांनी कधी उघडली नाही. "लिहिलं?" एवढंच विचारायचे. मी "लिहिलं" म्हणायचे. संपलं. दुसऱ्याच्या वहीला हात लावायचा नसतो हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मग त्यांच्या पोटी तू कसा निघालास रे?

त्या वर्षीचा गणपती. जयपुरातल्या बँकवाल्या, विमावाल्या आणि फौजेतल्या मराठी कुटुंबांनी मिळून एका शाळेचा हॉल मागून घेतला होता. प्रत्येक घराने काहीतरी सादर करायचं असं ठरलं. मला गाणं म्हणायचं होतं. आई म्हणाली, "यंदा दादाला करू दे. त्याचा मूड जरा बरा होईल." मूड कशाने बिघडला होता, ते पुढे येईलच.

मी सतरंजीवर मैत्रिणींबरोबर बसले होते. तू पडद्यामागून 'पिंकी' होऊन आलास. काळ्या लोकरीच्या दोन वेण्या, माझ्या रिबिनी, माझी शाळेची ओढणी. लोक तेवढ्यावरच हसायला लागले, मीही हसले! खरंच हसले. मग तुझ्या हातातली तपकिरी डायरी दिसली. गाद्यांच्या खाली ठेवलेली ती डायरी तुला कधी सापडली? तिथे तू काय शोधत होतास? इतकी वर्षं विचारायचं राहिलं, आणि आता उत्तर द्यायला तू नाहीस. सोयीचंच झालं तुला.

"आज संक्रांत. सगळ्यांच्या छतावर पतंग आणि लोक होते. आमच्या छतावर मी होते आणि पाण्याची टाकी होती." हशा. "मी टाकीला तिळगूळ दिला नाही, कारण तिला मुंग्या लागतील." मोठा हशा. आणि मग ते वाक्य. "मला कुणी विचारलं नाही. म्हणून मीच मला विचारलं, कशी आहेस? मी म्हणाले, ठीक." ते तू दोन आवाजांत केलंस. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. 'कशी आहेस?' नाकातून, आणि 'ठीक' चिमणीसारखं. मेजरकाकांच्या बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. "काय गोड लिहिलंय!" त्या म्हणाल्या. गोड!

वा रे कलाकार! तेरा वर्षांच्या मुलीचा एकटेपणा उचलायचा, त्याला लोकरीच्या वेण्या लावायच्या आणि टाळ्या घ्यायच्या. याला अक्कल लागत नाही. फक्त लाज नसावी लागते, आणि ती तुझ्यात पहिल्यापासूनच नव्हती.

घरी जाताना, परत घेतलेली डायरी छातीशी धरून, मी सायकलरिक्षात रडले. आई म्हणाली, "अगं, घरातलंच तर आहे. एवढं काय त्यात? लोकांना किती आवडलं!" सकाळी खालच्या आंटीजींनी, म्हणजे घरमालकिणीने, जिन्यात गाठलं. "बेटा, तेरा भाई तो बड़ा कलाकार निकला! और तू मुँह फुलाए बैठी है?" त्या तर कार्यक्रमाला आल्याही नव्हत्या. कीर्ती अशी पसरते.

त्यानंतर मी डायरी लिहिली नाही. तसं म्हणायला लिहिली. अण्णा दर जानेवारीला नवी आणून देत होते, 'लिहिलं?' विचारत होते आणि मी पानं भरत होते. 'आज दोडक्याची भाजी. आज धुणंवाली आली नाही. आज गरम होतं.' कुणी चोरून वाचली असती तरी त्याला फक्त भूक लागली असती. शाळेत निबंधाला बक्षिसं मिळवणारी मुलगी मी, आणि घरात माझ्या नावावर जमा काय, तर दोडका.

आणि तू? तुझी चांदी झाली. जयपूर सुटलं, अण्णा निवृत्त झाले, तू पुण्याला नोकरीला लागलास, पण पिंकी काही तू सोडली नाहीस. ऑफिसातली संमेलनं, सोसायटीचे गणपती, लोकांच्या साठीशांती. 'कशी आहेस? ठीक!' आपल्या सगळ्या नात्यागोत्यात मला भेटल्यावर लोक नमस्कार करत नाहीत, मान डावी-उजवी करतात. माझ्या लग्नात मांडवात, नवऱ्याच्या मामांना तू ते करून दाखवलंस. ते मामा शेवटपर्यंत मला पिंकी म्हणायचे. मी एकदा तुला म्हणाले, "दादा, पुरे आता." तू काय म्हणालास? "अगं वेडे, मी तुला अमर केलंय!" तोंड वर करून म्हणालास.

आता ते पान.

ते वाक्य कुठल्या पानावरचं आहे, हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. तू ते संक्रांतीच्या पानाला जोडून वाचायचास, म्हणून लोकांना वाटायचं की ही पोर पतंगांकडे बघत छतावर एकटी बसलीय. पण ते पान मे महिन्यातलं आहे. तू अकरावीत होतास, मी आठवीत, आणि त्या दिवशी आपल्या दोघांचे निकाल होते. तू नापास झालास. घरी आलाच नाहीस. आई दारात उभी, अण्णा सायकल घेऊन तुला शोधायला गेलेले. तू मला सापडलास. छतावर, टाकीच्या मागे, जिथे हातभर सावली असते तिथे. तू गुडघ्यांत डोकं घालून रडत होतास. फरशी इतकी तापली होती की मला एका पायावर उभं राहावं लागत होतं.

"अण्णांना सांगू नकोस मी रडलो म्हणून," तू म्हणालास. मी नाही सांगितलं. माठातलं पाणी आणून दिलं, आंटीजींकडून पराठा मागून आणला, ओढणी भिजवून तुझ्या डोक्यावर ठेवली. तू शांत झाल्यावर तुला खाली घेऊन गेले आणि सांगितलं, "दादा मित्राकडे होता." त्या दिवशी घरात सगळे तुझ्याभोवती होते. संध्याकाळी मी ते सगळं डायरीत लिहिलं. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात तू आहेस. खाली असं आहे: 'आज माझा पण रिझल्ट होता. मी पहिली आले. मला कुणी विचारलं नाही. म्हणून मीच मला विचारलं, कशी आहेस? मी म्हणाले, ठीक.'

वरचं अर्धं पान तू वाचलंस. वाचलंसच! त्याशिवाय खालचं कसं सापडलं? वाचलंस, आणि स्वतःला त्यातून अलगद काढून घेतलंस. मला मात्र तिथेच ठेवलंस, लोकांसमोर. त्या गणपतीत अण्णांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. नापास झाल्यापासूनची ती पहिली थाप, मी बघितली ना. तुला ती किती हवी होती तेही मला कळत होतं. पण ती माझ्या खांद्यावर उभं राहून घ्यायची होती का? मला सांगितलं असतंस तर मी तुला दुसरं काहीतरी लिहून दिलं असतं. छान लिहून दिलं असतं.

आणि लिहून देण्यावरून आठवलं. काल ईरा आली होती. दोन वेण्या घालून बघत होती आरशात, हुबेहूब तुझी ऐट. मग म्हणाली, "आत्या, बाबा म्हणायचा की हे तू स्वतः त्याला लिहून दिलंस, शोसाठी. खरं?"

असं सांगितलंस तू? स्वतःच्या मुलीला? दादा, चोरी मी एक वेळ पोरवय म्हणून सोडून दिली असती. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाने लेकीला सांगायची ही थाप! तुझ्याबद्दल माझं मत फार वाईट आहे असं मला वाटायचं. तरी ते कमीच पडलं.

मी तिला म्हणाले, "नाही. त्याने माझी डायरी गादीखालून काढून घेतली होती. मला हॉलमध्ये कळलं."

तिने आरशाकडे पाठ केली. मग रिबिनी सोडल्या. "मग तू हसायचीस का? व्हिडिओत तू हसताना दिसतेस."

"सगळे बघत असतात ना माझ्याकडे," मी म्हणाले.

"आम्ही करू का हे?"

"नको."

कुणीतरी विचारायला इतकी वर्षं लागली बघ. आणि उत्तर द्यायला मला एक क्षणही लागला नाही. तिने वहिनीला माझ्यासमोरच फोन केला. वहिनी नाराज आहे, हॉलचं ठरलंय म्हणते. तुझी मंडळी दुसरं काहीतरी बसवतील. नाही बसवलं तर तुझ्या फोटोला हार घालून चहा पितील.

निघताना ईराने विचारलं, "आत्या, मूळ डायरी आहे तुझ्याकडे? मला ते पान बघायचंय." माझा हात कपाटाकडे गेला होता, दादा. खरंच गेला होता. दाखवलं असतं तर हिशेब एका मिनिटात फिटला असता. तुझ्या लेकीला कळलं असतं की तिचा विनोदी बाबा तापलेल्या फरशीवर बसून बहिणीच्या ओढणीत नाक पुसत होता. मी म्हणाले, "आहे, पण ते पान अर्धं दुसऱ्याचं आहे. त्याला विचारल्याशिवाय दाखवता येत नाही." तिने पुन्हा विचारलं नाही. ती अण्णांवर गेलीय बहुतेक.

हॉस्पिटलमधला तो दिवस आठवतो. तुझा आवाज बसला होता. मी खुर्ची ओढून बसले, तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "कशी आहेस?" मान हलवली नाहीस, नाकातून बोलला नाहीस. साधं विचारलंस. आणि मी गप्प बसले, कारण मला वाटलं, आता 'ठीक' तूच म्हणशील आणि बाजूच्या नर्स हसतील. मी वाट बघत राहिले. तू काहीच म्हणाला नाहीस, तुला झोप लागली. ते खरंच विचारलं होतंस का रे? नसेलही. तुझा भरवसा नाही. पण घरी जाऊन मी खूप रडले, आणि तुझ्यासाठी रडावं लागलं याचाच मला जास्त राग आला.

आता एक वचन देते. पिंकी तुझ्याबरोबर गेली, तिला मी कुणालाही उठवू देणार नाही. आणि वरचं अर्धं पान जन्मात कुणाला दिसणार नाही. वहिनीला नाही, ईरालाही नाही. तुझ्यावर माया आहे म्हणून म्हणतेय असं समजू नकोस. तू माझं पान चव्हाट्यावर नेलंस, मी तुझं गादीखाली ठेवते. आपल्या दोघांत तेवढा फरक मला हवाय.

आणि तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर राहिलंय. ठीक नाहीये मी, दादा. तेव्हाही नव्हते.

'प्रिय' काही सुचला नाही. जागा सोडलीय वर.

शुभा