कोरा माल

१२ जानेवारी
योगराजच्या कोंबड्या माझ्या कोंबड्यांपेक्षा जड भरल्या – पुन्हा! एकाच हॅचरीतून, एकाच दिवशी आणलेली पिल्लं. चलथाणला आमच्या शेडही शेजारी-शेजारी. त्याचा पक्षी नऊशे ग्रॅम, माझा साडेसातशे. तो खाद्यात अँटिबायोटिक मिसळतो. मी नाही.

काट्यापाशी सगळ्यांसमोर आमच्या अहिराणीत म्हणाला, "दादानी कोंबडी म्हणजे कोरा माल! ना रंग, ना चमक." मिलमध्ये रंगायला न गेलेलं कापड ते कोरं – माझ्या चुलतभावाने ते माझ्या पक्ष्यांना चिकटवलं. टेम्पोवालाही हसला. मीसुद्धा हसलो. जबडा अजून दुखतोय.

१४ जानेवारी
उत्तरायण. गच्चीवर सगळे पतंगात. सुषमा मात्र – "भाऊजींच्या कोंबड्या बघितल्या का? मांड्या कशा भरल्यात!" माझीच बायको!

१५ जानेवारी
मी औषध टाळतो ते तत्त्वासाठी, की योगराज घालतो म्हणून? तो घालत नसता, तर मी घातलं असतं का?
उत्तर आवडलं नाही.

१७ जानेवारी
घातलं. नेहमीच्या दुकानात गेलो नाही, भेस्तानहून पाकीट आणलं. त्यावर स्पष्ट छापलंय – पक्षी कापण्याआधी आठवडाभर बंद करावं. करीन. नक्की करीन. सुषमाला सांगितलं, जीवनसत्त्वं आहेत.

२४ जानेवारी
वजन नेहमीपेक्षा जास्त चढलं! पण औषधाने, की थंडी ओसरली म्हणून? तुलनेला थोडे पक्षी बिनऔषधाचे ठेवायला हवे होते. बी.एस्सी.ला दुसरं काय शिकलो?

योगराजने जाळीतून डोकावून पाहिलं. "दादा, कोरा माल चमकना!" चमकला म्हणे! त्याचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. किती गोड वाटलं! आणि मग स्वतःचीच किळस आली. पण आधी गोडच वाटलं.

२६ जानेवारी
योगराज आला. आत येईना, दाराशीच उभा. त्याची मुलगी हर्षदा टायफॉइडमधून उठतेय, डॉक्टरांनी सूप द्यायला सांगितलंय. खाली बघत म्हणाला, "तुनी कोंबडी दे, दादा. मनी नको. पोरले कोरीच पाहिजे."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझं काही मागितलं.

औषध अजून चालू आहे.

सगळ्यात जड होती ती निवडून दिली.