म्हशाच्या जत्रेला नवे ब्रेक

१० डिसेंबर १९६१, रविवार
मोटार घेऊन आज बरोबर महिना. किन्हवलीत मोटार असलेला गिरणीवाला मी एकटाच. (दुसरा गिरणीवाला नाही, हा मुद्दा वेगळा.) मास्तर न लावता खळ्यावर स्वतःच शिकलो. वीस वर्षं बैलगाडी हाकली, त्यामुळे हात मुळातच तयार.

संध्याकाळी पेंढ्याच्या उडवीत घुसलो. ब्रेक साफ कुचकामी. स्टिअरिंग जीव खाऊन छातीकडे ओढलं, होऽ होऽ म्हटलं, तरी थांबेना.

१२ डिसेंबर
पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेला मोटारीतून यायला बायको तयार नाही. गुणाबाईचं म्हणणं, आदी कुठं न आदळता थांबवून दावा, नायतर मी आपली कमळूच्या बैलगाडीतून जाईन. कमळू तिचा भाऊ. म्हणजे अख्ख्या सासुरवाडीसमोर मी एकटा मोटारीत आणि बायको बैलगाडीत. तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

निश्चय: ब्रेक बदलणे.

१५ डिसेंबर
शहापूर. हायवेवर गोमा मिस्त्रीला गाडी दाखवली. म्हणे, शेठ, ब्रेक बरे हायेत. तुमची गाडी वीस मैलाच्या वर पळत नाय, रोज किन्हवली-शहापूर करायला मोठे ब्रेक कशाला? कसारा घाट उतरायचा ट्रक हाय का हा? मग मधल्या पेडलविषयी काहीतरी विचारत बसला. म्हटलं, कामाचं बोल.

लहान माणसाची लहान बुद्धी. मोठे ड्रम, नवे लायनर, सगळं फर्स्ट क्लास मागवलं.

३ जानेवारी १९६२
ब्रेक बसले. गोमाने घरी येऊन ट्रायल दिली. गाडी जागच्या जागी उभी, माझी टोपी काचेवर. पैसा वसूल. गुणाबाई अंगणातून वाकून वाकून बघत होती. इंप्रेस झाली असणार.

४ जानेवारी, सकाळी ९
खुराडं मोडलं. कोंबड्या ठीक.
मिस्त्री बसला की ब्रेक लागतात, मी बसलो की नाही. माल नवा आहे, मालकाची ओळख पटायला वेळ लागतो. गुणाबाईने फुटलेली अंडी वाटीत गोळा केली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

११ जानेवारी
कारण सापडलं! इंजिनाच्या आवाजात माझं होऽ ऐकू जात नाही. (कुणाला, ते नंतर बघू.) उद्यापासून पहाटे पन्नास वेळा आवाजाची प्रॅक्टिस.

१३ जानेवारी
शेजारचा भिमा तक्रार घेऊन आला. माझ्या प्रॅक्टिसमुळे त्याची बैलगाडी रस्त्यात चारदा उभी राहिली. म्हणजे आवाज सुधारतोय.

१८ जानेवारी
यश! चढावर गाडी आपोआप थांबली. कशालाही आदळली नाही. इंजिन बंद पडलं होतं, पण अटीत इंजिनाचा उल्लेख नव्हता. गुणाबाई मग म्हणाली, बसते. शब्दाला पक्की आहे बाई.

२० जानेवारी, पौर्णिमा, म्हसा
रस्ताभर तिने दाराचा दांडा सोडला नाही.

बैलबाजारात शिरलो. सासुरवाडीची मंडळी समोरच उभी, कमळू पुढे. झोकात थांबायचं ठरवलं. स्टिअरिंग ओढलं आणि बेंबीच्या देठापासून होऽ म्हटलं. बाजारातले सगळे बैल थांबले. मोटार तेवढी चालत राहिली. समोर घोंगड्यांचं दुकान. घाबरलो, खोटं कशाला लिहू.

तेवढ्यात गुणाबाईने लुगडं सावरलं, पाय माझ्या पायांवरून पलीकडे टाकला आणि मधलं पेडल दाबलं. गाडी घोंगडीपासून वीतभर अंतरावर उभी.

पेडलचं तिला कसं माहीत, असं विचारलं. म्हणाली, मिस्त्री चालवत व्हता तवा तुमी त्याचं तोंड बघत व्हता, मी पाय बघत व्हते.

हे ती कमळूसमोर म्हणाली.

२१ जानेवारी, किन्हवली
मोटार म्हशालाच ठेवली. गोमा आणून देईल. ब्रेक उत्तम आहेत, याबद्दल आता कुणालाच शंका नाही.

कमळूच्या बैलगाडीतून परत आलो. गुणाबाई पुढे भावाजवळ, मी मागे पेंढ्यावर. उताराला गाडी जरा सुटली. कमळू होऽ म्हणाला, बैल थांबले. मागे वळून त्याने विचारलं, दाजी, पायानं पेंढा कशापायी दाबताय?

मुंग्या आल्यात म्हटलं.