चार्ज कोणी घ्यायचा

३ तारीख
नवी नोकरी, नवी वही! मॅनेजरसाहेबांनी फूल देऊन स्वागत केलं. म्हणाले, इथे आपण सगळे एका कुटुंबातले. अकरा वर्षं नर्सिंग केल्यावर एवढं कळतं की मालक कुटुंब म्हणाला की पगाराचा आकडा विचारायचा नसतो. मी विचारला. समोरच्या औषधांच्या दुकानातल्या विक्रेत्यापेक्षा कमी निघाला. माझी मूळ प्रमाणपत्रं त्यांनी 'जपून ठेवायला' कपाटात टाकली. तरी खुशीत आहे. वॉर्ड हवेशीर, खिडक्या मोठ्या आणि घर चालत वीस मिनिटांवर.

५ तारीख
पुरुषांचा वॉर्ड, छत्तीस खाटा, आम्ही दोघी. एकोणीस नंबरच्या खाटेवर डायबेटिसचे एक आजोबा आहेत. जेवलीस का म्हणून विचारणारे तेवढे एकटेच. त्यांचा मुलगा मला चुटकी वाजवून बोलावतो. कुत्र्यालाही लोक नावाने हाक मारतात. डॉक्टर आले की हाच वाघ हात जोडून उभा! डॉक्टरांनी आजोबांना अख्खं दीड मिनिट पाहिलं. भाषणांत आम्हाला देवदूत म्हणतात, ते सोयीचंच आहे. देवदूताला जेवणाची सुट्टी द्यावी लागत नाही.

८ तारीख
दुपारी दोनला ताप बघायला निघाले, तर छत्तीसही तक्ते भरलेले. बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. माझं नाही, जोडीदारणीचंही नाही. पुन्हा थर्मामीटर लावून पाहिलं. सगळे आकडे बरोबर.
वॉर्ड पुसणाऱ्या मावशींना विचारलं. फडकं पिळत त्या म्हणाल्या, "ती आधीची सिस्टर. सलग तिसरी ड्यूटी होती तिची. इंजेक्शनच्या खोलीत पडली, ती गेलीच. दोन तासांनी कळलं."
कसं कळलं? सलाइन संपलं तरी सिस्टर फिरकली नाही, अशी एकाने लेखी तक्रार केली म्हणून.

१० तारीख
मेट्रनबाईंना सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी एवढंच विचारलं की नोंदी बरोबर असतात ना? संध्याकाळी माझ्या जोडीदारणीची खालच्या मजल्यावर बदली झाली. भूत म्हटलं की माणसं पळतात. आमच्या मॅनेजरने एक जागा वाचवली.

१३ तारीख
पाहिलं तिला. भर दुपारी, एकोणीस नंबरपाशी, पाठमोरी. युनिफॉर्म चुरगळलेला, घोटे सुजलेले. मुलगा तिला चुटकी वाजवून उशी सरकवायला सांगत होता. तिने सरकवली. सिस्टरच्या तोंडाकडे बघायची पद्धतच नाही, मग त्याला कळणार काय!
सकाळीच डॉक्टरांनी आजोबांचं इन्सुलिन निम्मं केलं होतं. तिने जुन्याच मापाने दिलं. आजोबा घामाने थबथबले, वाचा गेली. मी धावत जाऊन ग्लुकोज लावलं, तासभर मनगट धरून बसले. आजोबा वाचले. मुलाने मला सगळ्यांदेखत बिनडोक म्हटलं आणि मॅनेजरने मलाच माफी मागायला लावली. मागितली. अजून तोंड कडू आहे.

१५ तारीख
राजीनामा दिला. दुसरी कोणी मिळेपर्यंत प्रमाणपत्रं मिळणार नाहीत म्हणे. काल दोन ड्यूट्या, आजही. आजोबांपासून हलत नाही. ती येते, थांबते, माझ्याकडे पाठ करून —

१६ तारीख
घरी गेलेच नाही. दुपारी तिने सिरिंज उचलली. मी हात धरला. बर्फ. ती वळली. चेहरा भेसूर वगैरे नाही. नुसता दमलेला, माझ्याइतकाच.
तिने विचारलं, "आलीस का गं चार्ज घ्यायला?"
पुढची सिस्टर चार्ज घेत नाही तोवर वॉर्ड सोडायचा नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं असतं. हिचा कोणी घेतलाच नव्हता.
मी म्हटलं, "हो. जा तुम्ही."
तिने छत्तीस खाटांची माहिती दिली, औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि दारातून निघून गेली. मला तिचा हेवा वाटला.

१७ तारीख
चार्ज घ्यायला कोणी आलं नाही. दाराशी जाते, बेल वाजते, परत येते. पुन्हा दाराशी. पुन्हा बेल. डावा हात जड — बेसिनवर तोंडावर पाणी मारून —

तारीख —
आता बरं वाटतंय. पाय दुखत नाहीत. सगळे तक्ते भरून झाले. मुलाने चुटकी वाजवली, पाणी दिलं, त्याने घेतलं. आजोबा मात्र — कधी माझ्या तोंडाकडे पाहणारे ते एकटेच, आणि आता माझ्या आरपार —
सात नंबरचा नातेवाईक ओरडतोय, मेली कुठे ही सिस्टर. आले, आले म्हणतेय मी. मावशी बेसिनपाशी थबकल्या. बादली सुटली हातातून. माझ्याकडे नाही, खाली बघतायत, जमिनीवर, तिथे माझ्याच —