राखाडी कोट आणि माझी बाकीची मालमत्ता

गेल्या शनिवारी सकाळी सव्वाअकरा वाजता बोदिलबाईंच्या दुकानात मी स्वतः शिवलेला राखाडी कोट पुन्हा विक्रीच्या दांडीवर लटकलेला पाहिला, आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं.

मी, आस्गर थोरूप, वय तेवीस, डिझाइन कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेला, धंदा शिवणकाम, राहणार मायल गल्ली, तिसरा मजला, ऑरहूस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने लिहीत आहे. प्यालेलो नाही. राग आलेला आहे, पण रागाने माझी शुद्ध जात नाही, ठिकाणावर येते. मरायचा माझा काडीचाही विचार नाही, हे आईने नीट वाचावं. आज दुपारी मी फेरो बेटांवर एका मेंढपाळाकडे कामाला निघालो आहे. लोकर मेंढीच्या पाठीवर असल्यापासून शिकायची आहे. तिथे शरदात कड्यांवर अडकलेल्या मेंढ्या काढायला माणसाला दोराने खाली सोडतात. मेंढपाळाने पत्रात लिहिलं आहे, "येण्याआधी आपल्या चीजवस्तूंचा कागद करून ये." त्यानुसार हा कागद.

कलम १. माझं शिवणयंत्र आईला. ती म्हणेल, "हे धूड ठेवू कुठे?" खिडकीत ठेव. कॉलेज सोडलं तेव्हा तू फोनवर फक्त "बरं" म्हणालीस. बाकीच्यांनी भाषणं दिली. त्या एका "बरं"वर माझी दोन वर्षं निघाली.

कलम २. लाल अस्तराचं उरलेलं कापड, अंदाजे तीन मीटर, कॉलेजातल्या आमच्या शिक्षकांना, ज्यांनी माझा पहिला कोट भर वर्गात उलटा करून विचारलं होतं, "एवढं लाल? कोणाला दाखवायचंय?" त्यांनी त्याचा उशीचा अभ्रा शिवावा आणि त्यावर डोकं ठेवून एकदा तरी रंगीत स्वप्न पाहावं. माझी हरकत नाही.

कलम ३. बोदिलबाईंच्या दुकानाच्या नावाच्या कापडी पट्ट्या, नग अकरा, बोदिलबाईंना परत. बाई वाईट नाहीत. गल्लीत त्यांच्याइतकं इथलं, इथल्या हातांनी केलेलं कोणी ठेवत नाही. पण त्यांची अट अशी की कॉलरला पट्टी दुकानाची, शिवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मीही मान डोलावली. आमच्या गावात "हे मी केलं" म्हणणं म्हणजे जेवणाच्या टेबलावर पाय ठेवण्यासारखं. शनिवारनंतर बाई मला म्हणाल्या, "असे वीस शिवून दे, हातोहात जातील." मी म्हणालो, "माझं नाव लावाल?" त्या म्हणाल्या, "अरे, नाव कोण वाचतंय!" बाई, थीरा वाचते. म्हणून या पट्ट्या परत.

कलम ४. थीरा हिच्याविषयी आधी लिहायला हवं. ती दर शनिवारी या गल्ल्यांतून फिरते. कुंभाराचे कप, विणलेल्या टोप्या, पावसाळी जॅकेटं. कपडा अंगाला लावण्याआधी ती तो उलटा करते आणि शिवणीवरून अंगठा फिरवते. शहरातल्या सगळ्या मुली आरशात बघतात, ही आत बघते. मी त्या अंगठ्याच्या प्रेमात पडलो आणि अजून पडलेलाच आहे. तिच्यासाठी सात आठवडे लावून कोट शिवला. बाह्या मुद्दाम लांब ठेवल्या, सायकलचं हँडल धरलं की मनगटं झाकली जावीत म्हणून. तिच्या वाढदिवसाला दुकानाचाच माल म्हणून मी तो तिला भेट दिला. बोदिलबाईंनी बांधून दिला आणि सवयीने वर स्टिकर चिकटवलं: नको असल्यास महिनाअखेरपर्यंत बदलून न्यावे. आमच्याकडे प्रत्येक भेटवस्तूवर असतं तसं. ते काढणं म्हणजे "आवडून घेच" असा दम देणं, म्हणून मी काढलं नाही. मी शिवलाय, हेही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी तिने तो बदलून दोन निळे कप नेले.

त्या शनिवारी मी दांडीपाशी उभा असतानाच ती दुकानात आली. गाल थंडीने लाल. म्हणाली, "आस्गर, रागावू नकोस हं. बाह्या फार लांब होत्या रे."

मी म्हणालो, "छे, त्यासाठीच तर स्टिकर असतं."

"पण शिवण काय सुंदर होती! कोणी शिवलाय कळलं असतं ना, तर त्यालाच जाऊन विचारलं असतं."

बोदिलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवरच्या हातमोज्यांकडे पाहिलं. ती गेली. मी कोट विकत घेतला, घरी आणला, दुकानाची पट्टी उसवली आणि तिथे लाल दोऱ्याने माझं पूर्ण नाव भरलं, बोटभर मोठं. वाचायला चष्मा लागणार नाही.

सदर कोट माझ्या मृत्यूनंतर थीराला द्यावा आणि तो मीच शिवला होता, बाह्या कशासाठी लांब होत्या, हे तिला सांगावं.

(कलम ४ मधलं शेवटचं वाक्य मी साक्षीदारांसमोर खोडलं आहे. कारण खालीलप्रमाणे.)

सहीसाठी शेजारचे क्रेस्टन, निवृत्त सोफा कारागीर, आणि तळमजल्यावरच्या बेकरीवाल्या मेटेताई वर आले. साक्षीदाराला कायद्याने काही देता येत नाही. क्रेस्टन त्यामुळेच खुशीने तयार झाले, माझा सोफा गळ्यात पडू नये म्हणून. त्यांनी चौथं कलम दोनदा वाचलं आणि पेनाला टोपण लावलं.

"मी सही करणार नाही."

"का?"

"पोरा, हे काय लिहिलंस? तू मेल्यावर तिला कळणार? त्या बिचारीने उत्तर द्यायचं कोणाला, मेंढ्यांना?"

"तिला नको असला तर?"

"तर तोंडावर नाही म्हणेल. कड्यावरून दोराने उतरायला निघालाय म्हणे! एका पोरीसमोर 'मी केलं' म्हणवत नाही!"

मेटेताई म्हणाल्या, "लवकर उरका, माझे पाव भट्टीत आहेत. आणि आस्गर, ती आत्ता खाली कोपऱ्यावरच्या टोपीवालीकडे आहे. मी वर येताना पाहिली."

मी वाक्य खोडलं. क्रेस्टननी पेनाचं टोपण काढलं.

कलम ५. वर न लिहिलेलं सगळं, सोफ्यासह, पुढच्या भाडेकरूला. कोटाचा या कागदाशी आता संबंध नाही. तो जिवंत माणसाची वस्तू आहे आणि त्याचं काय करायचं ते जिवंत माणूस करेल.

सही: आस्गर थोरूप

साक्षीदार: १) क्रेस्टन बुंदगोर २) मेटे रावन्किल्दे

स्थळ: ऑरहूस. दिनांक: १० ऑक्टोबर २०१५, शनिवार, सकाळ.

सह्या झाल्या. साक्षीदार जिना उतरले. कागद टेबलावर, किल्ली कागदावर. कोट हातावर घेतला आहे, नाव वरच्या बाजूला. मी निघतो, आणि दार माझ्यामागे लावून घेतो.