होळीचं टायटल

गोरखपूर मोहल्ला, जबलपूर
रविवार, दुपार

प्रिय विनू,

सप्रेम जय भीम.

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू "सब ठीक है, बाबा" एवढंच म्हणतेस आणि ठेवून देतेस. इकडे तुझी आई कान टवकारून शेजारी बसलेली असते, त्यामुळे मलाही मोकळं बोलता येत नाही. म्हटलं, त्यापेक्षा लिहावं. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू दे. आम्ही मराठीत विचारायचं आणि तू हिंदीत उत्तर द्यायचं, असाच आपल्या घरचा कारभार चालत आला आहे. आज निदान बापाचं पुरतं ऐकून घे, कारण कागदाला मधे तोडता येत नाही.

पत्रासोबत ठेच्याचा डबा आहे. सिहोऱ्याच्या बसचा कंडक्टर ओळखीचा निघाला, त्याच्या हाती पाठवतो आहे. तक्रार तू केलीस आणि सिहोऱ्याला बदली झाली ती तुझीच, "चौकशी होईपर्यंत" म्हणे, यावर तुझी आई अजून धुसफुसते आहे. राग आला की ती मिरच्या कुटते. तेव्हा ठेचा जरा बेतानेच खा.

तुला एक गोष्ट मी कधी नीट सांगितली नाही. कारखान्यात होळीची टायटलं लिहायचं काम माझ्याकडे होतं. अर्धी नोकरी मी ते केलं आणि मोठ्या ऐटीत केलं. होळीच्या आदल्या दिवशी शॉपच्या, म्हणजे आमच्या विभागाच्या, फळ्यावर कागद लागायचा, त्यात प्रत्येकाच्या नावापुढे एक टायटल, आणि खाली लाल शाईत "बुरा न मानो, होली है". आपल्या डोमाजीकाकाच्या सायकलला ब्रेक नव्हते, तर त्याला दिलं होतं "सीधा भेड़ाघाट", म्हणजे थांबणार तो थेट धबधब्यात. कँटीन ज्यांच्याकडे होतं त्या साहेबांची डाळ इतकी पातळ असायची की मी त्यांना "अमरकंटक" केलं, म्हणजे नर्मदा यांच्याच पातेल्यातून निघते! साहेबांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली. मी उत्तर लिहिलं, डाळ घट्ट होताच टायटल मागे घेईन. आमच्या युनियनवाल्यांनी ते उत्तरसुद्धा फळ्यावर लावलं. माफी मी मागितली नाही, आणि डाळ बरेच दिवस घट्ट होती.

पण आमची एक रीत होती. ज्याचं टायटल त्याला ते आधी चहाच्या वेळी वाचून दाखवायचं. तो हसला तर फळ्यावर, नाही तर केराच्या टोपलीत. एका माणसाची बायको त्या वर्षी माहेरी गेली ती आली नव्हती, आणि कुणीतरी त्यावर काहीतरी सुचवलं होतं. वाचून दाखवलं तर तो चहा तसाच ठेवून उठला. कागद तिथल्या तिथे फाडला, आणि त्या वर्षी त्याच्या नावापुढे फक्त "होली मुबारक" होतं. आधी वाचून दाखवत नसू ते फक्त साहेब लोकांना. त्यांना दाखवलं असतं तर कागद फळ्यापर्यंत पोचलाच नसता, आणि त्यांचं वाकडं करायची ताकद आमच्यापैकी कुणात होती?

म्हणून तुमच्या ऑफिसच्या होली मिलनाचं आमंत्रण आलं तेव्हा मी खूश होतो. मागल्या वर्षी तू भरभर चालतेस म्हणून तुला "तूफ़ान मेल" मिळालं होतं आणि तूच फोन करून हसत हसत सांगितलं होतंस. यंदा तर परीक्षा देऊन तुझी बढती झालेली. तुझ्या आईने ठेवणीतली जांभळी साडी काढली. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. बड़े बाबू दिवाकर माइकवर एकेक टायटल वाचत होते, माणसं वर जाऊन मुळा-गाजराचे हार घालून घेत होती, हॉल खदखदत होता. मीही हसत होतो. मग तुझं नाव आलं.

त्या ओळीत तुझी बढती आणि तुमच्या साहेबांची गाडी शेजारी शेजारी बसवली होती, आणि तू त्या गाडीत कुठे बसतेस तेही होतं. पुढचं मी लिहीत नाही. हॉल हसला. अगदी पोट धरून हसला. तुझ्या आईने माझी बाही ओढून विचारलं, "अहो, काहून हसून राहिले सगळे?" मी म्हटलं, नंतर सांगतो. मला वाटलं उठावं, तुला हाताला धरून बाहेर न्यावं. पण मी खुर्चीतच बसून राहिलो, विनू.

आणि तू वर गेलीस. हार गळ्यात घालू दिला नाहीस, हातात घेऊन टेबलावर ठेवलास आणि माइक मागितलास. म्हणालीस, "दिवाकर जी, ये वाला समझ में नहीं आया. मेरे मम्मी-पापा सामने बैठे हैं. ज़रा उन्हें समझा दीजिए, इसमें हँसना कहाँ है." ते म्हणाले, "अरे दीदी, बुरा न मानो, होली है." तू म्हणालीस, "चलो, नहीं माना. अब समझाइए." दिवाकरने पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. तू वाट पाहत उभी राहिलीस. आवाज चढवला नाहीस, रडली नाहीस. मग खाली येऊन आईच्या शेजारी बसलीस आणि तिच्या पदराला हात पुसलास. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, चौकातली आणि कारखान्याच्या गेटवरची. इतकं सरळ बोलणं ऐकलं नव्हतं. माझी पोरगी, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं.

पुढचं सगळं तू आम्हाला सांगितलं नाहीस, तरी कळलं. ती ओळ फोनाफोनांवर फिरली. तू व्हरांड्यातून जाताना लोक ती गुणगुणायचे, कुणीतरी खडूने तुझ्या टेबलावर लिहिली. लिखापढी करून तक्रार दिलीस तर म्हणाले, पोरीला गंमत कळत नाही. दिवाकरने ऑफिसच्या ग्रुपवर हा लांबलचक लेख टाकला की आता हसायचीही चोरी झाली, आणि बोलण्याचं स्वातंत्र्य संविधानाने दिलं आहे. ज्या घरात संविधान बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवलेलं आहे, त्या घरच्या पोरीला हे संविधान शिकवणार! मीही त्याच हक्कावर साहेबांना अमरकंटक म्हणालो होतो. पण साहेबांच्या मागे कुणी ते महिनाभर गुणगुणत फिरलं नाही, त्यांना तोंड लपवून डबा खावा लागला नाही, की त्यांची बदली झाली नाही. त्यांची डाळ वाईट होती, मी डाळीवर लिहिलं. तुझं काय वाईट होतं? परीक्षेत पहिली आलीस, एवढंच ना? तुझ्या कामावर लिहायचं होतं तर लिहायचं होतं की, तू हसली असतीस. त्यांनी तुला ऑफिसात मान वर करून चालता येऊ नये म्हणून लिहिलं.

आता खरं सांगतो. सकाळी तुझे गुणवंतमामा आले होते. मंगळवारी तुमच्या ऑफिसच्या तक्रार समितीपुढे सुनावणी आहे. त्या दिवशी हसलेल्या हॉलमधला एकही माणूस साक्षीला तयार नाही, म्हणून तक्रार टिकणार नाही, असं त्यांनी बाहेरून काढून आणलं. तडजोड अशी की दिवाकर बंद खोलीत सॉरी म्हणतील, तू तक्रार मागे घ्यायची, महिन्याभरात पुन्हा जबलपूर. मामा तुझ्या भल्याचंच बोलत होते. म्हणाले, "भाऊजी, ती तुमचंच ऐकते. तुम्ही लिहा, समजावून सांगा." हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. चष्मा शोधला, वर वार घातला, तेवढ्यात तुझी आई समोर येऊन बसली आणि म्हणाली, त्या दिवशी ते लोक काय बोलले ते आधी मला सांगा. इतके दिवस तिने पुन्हा विचारलं नव्हतं. मी सांगितलं, सगळं, शब्द न गाळता. मग ती मामांकडे वळून म्हणाली, "तिनं काहून मागं घ्यावं? मी होतो ना तिथं. माह्या कानानं ऐकलं." मामा म्हणाले, ताई, समितीपुढे ती ओळ तुला तोंडाने म्हणून दाखवावी लागेल, परक्या माणसांसमोर. ती म्हणाली, "म्हणीन."

तेव्हा तक्रार मागे घेऊ नकोस. मंगळवारी सिहोऱ्याहून थेट जबलपूरच्या ऑफिसात ये. तुझे दोन्ही साक्षीदार फाटकाशी उभे असतील.

तुझा अभिमान मावत नाही असा, तुझाच,
बाबा (टिकाराम)