दादाच्या वतीने मी जे बोललो

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकाम, डोके ताळ्यावर असताना आणि हात अजून थरथरत नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉक्टरांनी कालच मला तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असलेच तर मनाचे आहे, त्याबद्दल कलम चार पाहावे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. माझी जवळची माणसे दोन. एक माझी मुलगी, डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. दुसरा थोरला भाऊ, ज्याला यापुढे 'दादा' म्हटले आहे. दादाला जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही. आम्ही खुणांची भाषा शाळेत शिकलो नाही; लहानपणी खेळता खेळता आमची आम्हीच केली. ती आम्हा दोघांनाच पुरती कळे. माझ्या पत्नीला, जी सहा वर्षांपूर्वी गेली, आणि मुलीला जेवणाखाण्यापुरत्या खुणा येत. त्यामुळे दादाला जगाशी काही बोलायचे झाले की मध्ये मी, हे जन्मभर चालले.

कलम २. हत्यारे. रंधे, पटाश्या, करवती, सगळे दादाचे. पावत्या माझ्या नावाच्या आहेत, पण गिऱ्हाईक ज्या कामाला नावाजत असे ते काम त्याचे. फक्त लाकूड आवळून धरायचा मोठा शिकंजा माझ्या चुलत भावाला द्यावा. त्याने तो नेला तेव्हा सरळ होता, परत आणला तेव्हा वाकडा, आणि वर "असाच होता" म्हणाला. आता तो त्याच्याच घरी नांदू दे.

कलम ३. दादाचे बटण. माझ्या तरुणपणी लोक मोबाइल खिशात ठेवत आणि त्याच्याकडे बघत चालताना खांबाला धडकत. आता तो शर्टाच्या कॉलरला लावायचा, बटणाएवढा. तीन वर्षांपूर्वी मुलीने तसला एक दादाच्या कॉलरला लावला आणि म्हणाली, "बाबा, हे नुसतं बघत राहील. तुम्ही दोघं रोजच्यासारखं काम करा."

बटण अकरा दिवस आमचे हात बघत राहिले. दादाच्या हसण्यावरून आणि घशातल्या हुंकारांवरून बटणाने त्याच्यासाठी आवाजही बांधला. बाराव्या दिवशी मी फळी तासत होतो. दादाने माझ्याकडे बघून हात हलवले आणि त्याच्या कॉलरमधून जाडसर, थोडा घोगरा आवाज आला, "रंधा तिरका धरलायस. चाळीस वर्षं सांगतोय."

मी भुशात खालीच बसलो. आवाज आमच्या वडिलांच्या वळणाचा होता. दादाला स्वतःला तो ऐकू येत नव्हता. दोन बोटे बटणावर ठेवून तो त्याची थरथर चाचपत होता. दुसऱ्यांचे बोलणे त्याला बटणाबरोबर आलेल्या चष्म्याच्या काचेत हातांच्या खुणांनी दिसू लागले. "हे हात कोणाचे?" त्याने विचारले. मुलगी म्हणाली, "बाबांचेच. ते जसे हलवतात, तसेच घेतलेत."

त्यानंतर मी जे पाहिले त्याला चमत्काराहून लहान शब्द मला सापडत नाही. दादा एकटा डॉक्टरांकडे गेला आणि म्हणाला, "गुडघा नाही, पाठ दुखते. वीस वर्षं." वीस वर्षे मी गुडघा सांगत आलो होतो, घाईत त्याच्या हाताकडे नीट न बघता. शेजारच्या लोखंडवाल्याने एक विनोद केला, तेव्हा दादा सगळ्यांबरोबर हसला. मी समजावून सांगितल्यावर नाही, सगळ्यांबरोबर. मी तोंड उघडे टाकून बघत राहिलो.

बटणात साठलेल्या आमच्या खुणांचे पुढे काय करायचे, असे कंपनी माझ्यामागे विचारील. त्यावर माझा हक्क नाही. दादा म्हणेल तसे करावे.

कलम ४. हे कलम मुलीने बसून वाचावे.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात पॉलिश करायला एक बाई येत असे. तिच्यासाठी दादा प्रत्येक फळी दोनदा घासून ठेवी. एका दुपारी ती मला म्हणाली, "यांना विचारा, माझ्याशी लग्न कराल का?" मी विचारले. दादाने उत्तर दिले. मी तिला सांगितले, "तो म्हणतो, एकटंच बरं." आणि दादाला सांगितले, ती थट्टा करत होती. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही.

तो वेगळा झाला तर कारखाना बसेल, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली होती. खरे एवढेच की माझ्यावाचून त्याचे चालेल, हे मला सोसणारे नव्हते.

गेल्या मार्चमध्ये ती आली, पाय मोडलेली खुर्ची घेऊन. केस पांढरे, पण मी ओळखले. मी उठायच्या आत दादा म्हणाला, "बसा. पाय मीच बसवतो."

ती दचकली. "तुम्ही बोलता?"

"आता बोलतो."

तिने खुर्ची खाली ठेवली. मग म्हणाली, "तेव्हा तुम्ही नाही म्हणालात, त्याचा मला राग नव्हता."

दादाने काचेतल्या खुणा दोनदा बघितल्या. मग सावकाश हात हलवले. आवाज म्हणाला, "मी नाही म्हटलं नव्हतं. मी विचारलं होतं, कधी?"

तिने पदर तोंडाला लावला. दादा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. कॉलरचे बटण काढून त्याने टेबलावर ठेवले, म्हणजे पुढचे तिला ऐकू जाऊ नये. मग आमच्या जुन्या खुणांनी मला म्हणाला, "तू माझं तोंड होतास."

बटण परत लावून तो तिच्याजवळ जाऊन बसला, संध्याकाळपर्यंत. माझ्याशी सतरा दिवस बोलला नाही. अठराव्या दिवशी म्हणाला, "जेवायला ये." मला माफ केले का, हे मी विचारलेले नाही. विचारण्याचा मला हक्क आहे असे वाटत नाही.

कलम ५. घर आणि कारखाना दादाला. पॉलिशवाल्या बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. त्या आता आठवड्यातून पाच दिवस येतात. दादाला म्हणतात, "ते बटण काढा, मला हातच बघू द्या." तीनशेच्या वर खुणा शिकल्या आहेत. दोघांत लग्नाचा कागद होवो न होवो, त्यांना या घरात हयातभर राहण्याचा हक्क आहे. दोघांच्या पश्चात घर मुलीचे. तिला हे आधी विचारले आहे. ती म्हणाली, "बाबा, विचारलंत हेच पुष्कळ."

कलम ६. मी गेल्यावर माझ्याबद्दल चार शब्द बोलायचे झाले तर ते दादाने बोलावेत. तो जे म्हणेल ते कोणी सौम्य करू नये, आखूड करू नये, आणि 'त्याला असं म्हणायचं आहे' असे म्हणून मध्ये पडू नये.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली. पॉलिशवाल्या बाईंना लाभ असल्याने त्यांना साक्षीदार केलेले नाही.

ठिकाण : कारखान्याची पुढची खोली
तारीख : १४ ऑक्टोबर २०५३

सही : दादाचा धाकटा भाऊ
साक्षीदार : १. आमचे डॉक्टर
२. शेजारचा लोखंडवाला