तिसरी खोली

१ फेब्रुवारी, रविवार

आईला ताईच्या बिल्डिंगच्या गेटवर सोडून आलो. वर गेलो नाही. ताई आणि मी बोलत नाही हे आता तिथल्या वॉचमनलाही पाठ झालंय. मला बघून हात करतो, गेट काही उघडत नाही. आई म्हणाली, तू नीघ, उशीर होईल. कसला उशीर? रविवार आहे! पण निघालो.

महिनाभर माझ्याकडे, महिनाभर ताईकडे. घर विकल्यापासून हे असंच चाललंय. पैसे निम्मे-निम्मे, आई निम्मी-निम्मी. लिहिलेलं वाचायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

घरी आलो तर हॉल जसाच्या तसा. आई गेली हे कळतच नाही. खरं म्हणजे ती असतानाही कळत नाही. आम्ही उठायच्या आत तिची गादी सोफ्यामागे गेलेली असते, आणि वर चादर — घडी अशी की आत्ताच दुकानातून आणली असावी. सगळी नोकरी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालण्यात गेली, हाताला वळणच ते. बायको येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते, सासूबाईंचा काही म्हणजे काही त्रास नाही हो. खरंच नाही.

४ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं तेव्हाच कळलं, काहीतरी माझ्या गळ्यात पडणार.

दुरुस्ती विभाग बंद. मिक्सर, पंखे, इस्त्र्या — यापुढे काही बिघडलं की ग्राहकाला नवीन द्यायचं, जुनं भंगारात. दुरुस्ती परवडत नाही म्हणे, माणसाने काळाबरोबर पुढे जायला हवं. विभाग मी बंद करायचा आणि पुढे मी जायचं — नवी जागा, नवा पगार. मी विचार करून सांगतो म्हणायला तोंड उघडलं आणि 'हो' म्हणालो.

त्या पगाराशिवाय तिसरी खोली होत नाही. आणि तिसऱ्या खोलीशिवाय आई हॉलमध्येच. झालं तर मग.

७ फेब्रुवारी, शनिवार

नवा फ्लॅट पाहिला. म्हणजे पाचव्यांदा पाहिला. विक्रीवाली मुलगी चुरुचुरू बोलत पुढे, आम्ही मागे. ही मोठी बेडरूम, ही तुमच्या मुलीची, आणि ही... मी म्हटलं, आईची. ती म्हणाली, किती छान. तिला दिवसातून दहा जण हेच सांगत असणार.

खोली लहानच आहे, पण खिडकी आहे, दाराला आतून कडी आहे. बायको टेपने भिंत मोजत होती. लेकीने मध्येच विचारलं, "आजीला विचारलंत का?"

बायको म्हणाली, त्यात विचारायचं काय, आनंदच होईल त्यांना. मीही मान हलवली. लेक सोळा वर्षांची आहे, तिला वाटतं प्रत्येक गोष्ट विचारून होते.

वीस वर्षं हप्ते. निवृत्तीनंतरही थोडे उरतातच. बघू.

८ फेब्रुवारी

दिवसभर झोपलो. उठलो तोही दमलेलाच.

१० फेब्रुवारी

लेक कसलासा शाळेचा प्रकल्प करतेय. विचारत होती, आपण मूळचे कुठले? मी म्हटलं, हॉस्पिटलच्या मागच्या दोन खोल्यांचे. ती म्हणाली, पण त्या तर तुम्ही विकल्या. हो, विकल्या. मग आता आपण कुठले? मी म्हटलं, जा, तुझ्या आईला विचार.

त्या दोन खोल्यांतलं शेवटी उरलं होतं ते हिरवं लोखंडी कपाट. बाबांनी पहिल्या बोनसमधून घेतलेलं. ताई म्हणाली, माझ्याकडे जागा नाही, तू ने. मी म्हटलं, माझ्याकडे तर त्याहून नाही, तू ने. दुसऱ्या दिवशी किल्ल्या द्यायला गेलो तर कपाट गायब! आई म्हणाली, भंगारवाला घेऊन गेला. भंगारवाल्याला मी बोलावलं नव्हतं, म्हणजे ताईने बोलावलं. ताई म्हणते मीच. "बाबांचं कपाट भंगारात घालताना तुला काही वाटलं नाही?" असं ती मला म्हणाली. मला! चोराच्या उलट्या बोंबा. दोन वर्षं झाली, त्यानंतर आमच्यात शब्द नाही.

ज्या कपाटाला घरात घ्यायला दोघंही तयार नव्हतो, त्याच्यावरून.

१२ फेब्रुवारी

दुरुस्तीच्या टेबलांवर जाऊन सांगून आलो. पत्रं नुसती वाटली असती तरी चाललं असतं, पण म्हटलं, तोंडाने सांगावं. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी भांडलं नाही.

आमच्यात एक म्हातारा मेकॅनिक आहे, सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, कारण मोटारीला स्क्रू ड्रायव्हर लावून दुसरं टोक कानाशी धरतो. त्याने पत्र खिशात घातलं, चष्मा पुसला, आणि म्हणाला, "मोठं घर घेताय म्हणे. चांगलं झालं. आई असेल ना बरोबर?"

हो म्हटलं. त्याच्या आवाजात टोमणा शोधत होतो. नव्हता.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

सकाळी सोफा सरकवला तर मागे आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. अख्खं पाकीट. म्हणजे दोन आठवडे ती गोळ्यांशिवाय? फोन केला, उचलेना. पुन्हा केला, उचलेना. ताईला फोन करायला जीभ रेटेना, पण पाय निघाले. वॉचमन मला गेटच्या आत बघून उठून उभा राहिला.

ताईने दार उघडलं. केस पिकलेत. दोन वर्षांत इतके? मला बघून घाबरलीच.

"आईला काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही, तिच्या गोळ्या राहिल्या होत्या, त्या द्यायला आलो.

"मग मला कशाला देतोस? आई तुझ्याकडे आहे ना?"

मी म्हटलं, पहिल्या तारखेला तुझ्या गेटवर सोडलं मी तिला. ताई म्हणाली, आई माझ्याकडे येते तीच आठ-नऊ तारखेच्या आसपास, आणि या वेळी तर अजून आलीच नाही; बारक्या — म्हणजे मी — जास्त दिवस ठेवून घेतोय, असं फोनवर म्हणाली. मला राग आला होता, ती पुढे म्हणाली, तुझ्याकडे एवढं काय आहे म्हणून. आणि मला दर वेळी आई सांगायची, ताई दोन दिवस आधी बोलावतेय रे. मलाही राग यायचा. तोच राग!

पुन्हा फोन लावला, स्पीकरवर. या वेळी उचलला.

"आई, कुठे आहेस?"

"कुठे म्हणजे? ताईकडे." आवाज अगदी सरळ. ताई समोर तोंडावर हात धरून उभी.

"ताई काय करतेय?" हे मी का विचारलं, देव जाणे.

"ही काय, भाजी चिरतेय. बोलतोस का? नको, राहू दे. तुमचं बोलणं नाही ना."

ताईला राहवलं नाही. "आई, मी इथे बारक्याजवळ उभी आहे."

मग आई म्हणाली, "दोघं बोलताय?"

"आता बोलतोय."

"बरं झालं," असं म्हणाली खरी, पण ऐकताना ते बरं झाल्यासारखं वाटलं नाही. मग पत्ता दिला.

१५ फेब्रुवारी

काल लिहून हात दुखला. उरलेलं आज.

हॉस्पिटलच्या मागचीच गल्ली, आमची जुनी. सायकलच्या दुकानावर लाकडी जिना. दार लांब मावशीने उघडलं. ही आईची धुलाईघरातली जोडीदारीण — दोघी मिळून चादरीची दोन टोकं धरायच्या. उंच म्हणून आम्ही लहानपणापासून लांब मावशी म्हणतो. नवरा नाही, मूल नाही. म्हणाली, या, चपला बाहेर काढा, आत्ताच पुसलंय.

आई खाटेवर पाय पसरून बसली होती. संध्याकाळचे पाच वाजलेले आणि अंथरूण तसंच! चादर चुरगळलेली, अर्धी जमिनीवर, उशी भिंतीशी, उशाशी उघडा पेपर. मी उभ्या जन्मात आईचं अंथरूण असं पाहिलं नव्हतं. ती आजारी होती तेव्हासुद्धा नाही. मी त्या चादरीकडेच बघत बसलो.

ताई भिंतीकडे बघत होती. हिरवं लोखंडी कपाट. दारावर माझा लहानपणीचा स्टिकर, अर्धा खरवडलेला.

ताई म्हणाली, हे तर...

आई म्हणाली, भंगारवाला आला होता, खोटं नाही सांगितलं. मीच बोलावलं होतं त्याला, हातगाडीसाठी. तुम्हाला दोघांना नको होतं, मला हवं होतं. खोली त्याच आठवड्यात घेतली. पेन्शन येते, अर्धं भाडं ही लांबी देते. दोन्ही घरांच्या मधले आठ-दहा दिवस इथे.

ताई चिडली. आम्ही दोन वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाही आणि तू बघत बसलीस? आई खाली बघून चादरीचा काठ चाचपडत होती.

"पहिल्या दोन दिवसांत सांगणार होते. मग लक्षात आलं, तुम्ही बोलत नाही तर मी कुठे आहे हे कुणी ताडून बघत नाही. तुमचं भांडण मिटावं असं रोज वाटायचं. आणि आज नको, उद्या मिटावं, असंही रोज वाटायचं."

ताई रडायला लागली. आमच्याकडे काय कमी होतं, एवढं तरी सांग.

"काही कमी नव्हतं गं. कुणाकडे तरी राहायचा कंटाळा आला. मला नुसतं राहायचं होतं."

मी आपला माझं घोडं पुढे दामटलं. अगं, पण मी तुझ्यासाठीच खोली घेतोय. खिडकी आहे, आतून कडी आहे. त्यासाठी काय काय केलं ते तुला माहीत नाही — हेही म्हणालो. म्हणायला नको होतं. आईने विचारलं, हप्ते किती वर्षं? मी सांगितलं. लांब मावशी फिसकन हसली आणि मग तोंडाला पदर लावला. आई हसली नाही.

"तुला हवी असेल तर घे. माझं नाव सांगून घेऊ नकोस."

खाली दुकानात कुणीतरी घंटी वाजवून बघत होतं. शेवटी आईनेच विचारलं, आणि तेही मान वर न करता: आता तुम्ही दोघं बोलायला लागलात, मग ही खोली सोडायला लावणार का? जन्मभर आम्ही तिची परवानगी मागितली — सहलीला जाऊ का, चपला घेऊ का — आणि आता ती मागत होती. ताई माझ्याकडे बघायला लागली, मी कपाटाकडे. दोघांनीही हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आम्ही असेच आहोत.

निघताना मावशी म्हणाली, पुढच्या वेळी फोन करून या. आणि त्या गोळ्या घेऊन जा, इथे दुसऱ्या आहेत, मीच देते तिला रोज.

१७ फेब्रुवारी

बायको म्हणते, लोक काय म्हणतील, दोन मुलं असून आई भाड्याच्या खोलीत! तिचंही खोटं नाही. मला तेच आधी सुचलं होतं, जिना उतरतानाच. लेक म्हणाली, मी विचारलं होतं ना. मी म्हटलं, हो बाई, विचारलं होतंस.

ताईचा फोन आला. आईबद्दल बोलायला म्हणून केला आणि स्वतःबद्दलच बोलत बसली. तिच्या गुडघ्याचं मला काहीच माहीत नव्हतं.

१९ फेब्रुवारी

फ्लॅटवाल्यांचे दोन फोन. शनिवारपर्यंत सह्या, नाहीतर जागा दुसऱ्याला.

दुरुस्तीची टेबलं आज उचलली. डॉक्टरने जाताना हात मिळवला. तिसऱ्या खोलीसाठी केलं, असं आठवडाभर मनाशी म्हणत होतो. आता काय म्हणायचं ते सुचत नाही. बंद केलेला विभाग माझ्याने परत उघडत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सह्या केल्या नाहीत. बायको अबोल आहे. खोली सोडायची नाही, असं ताईने आणि मी मिळून आईला फोनवर सांगितलं. तिने नुसतं 'बरं' म्हटलं आणि लगेच मावशीला हाक मारली.

दुपारी तिच्याकडे गेलो, फोन करून. ती म्हणाली, दमलेला दिसतोस, पड जरा. पडलो ते पार दिवेलागणीपर्यंत. इतका झोपलो नव्हतो कित्येक वर्षांत. उठल्याबरोबर चादर उचलली आणि कोपऱ्याला कोपरा लावून घडी घालायला लागलो, अगदी तिच्यासारखी. आई कपाटाशी उभी राहून बघत होती. जवळ आली, माझ्या हातातून चादर घेतली आणि परत खाटेवर टाकली, तशीच, चुरगळलेली.

"राहू दे रे. तू काय पाहुणा आहेस?"